विश्लेषण : मनगटातील दबलेल्या नसेवर ‘शॉकवेव्ह’चा उपाय कितपत खरा?

रात्री हात बधिर होऊन झोपमोड होणे, बोटांना झिणझिण्या येणे, कपबशी हातातून निसटणे ही ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ची ओळखीची लक्षणे. त्यावर ‘विनाऑपरेशन, विनाइंजेक्शन’ उपाय म्हणून शॉकवेव्ह थेरपीची जाहिरात शहरांतील अनेक फिजिओथेरपी केंद्रे करू लागली आहेत. हा उपचार निव्वळ थोतांड नाही, तसा तो शस्त्रक्रियेला पर्याय असल्याचेही सिद्ध झालेले नाही. मधल्या या जागेत रुग्णाने निर्णय कसा घ्यायचा?

मनगटात नेमके काय बिघडते?

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्याचा तळ आणि दोन्ही बाजू मनगटाच्या छोट्या हाडांच्या, तर छत जाड, न ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधाचे. या बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. ही नस म्हणजे ‘मीडियन नर्व्ह’. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांची संवेदना तिच्याकडे असते. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यातील बहुतेक स्नायूही तीच चालवते.

बोगद्याच्या भिंती पसरत नाहीत. त्यामुळे आतल्या कंडरांभोवतीचे आवरण सुजले किंवा जाड झाले, की दाब नसेवर येतो. हा दाब किती वाढतो, हे १९८१ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सकांनी प्रत्यक्ष मोजले. मनगट सरळ असताना निरोगी व्यक्तींच्या बोगद्यात सरासरी अडीच मिलिमीटर (पाऱ्याचे माप) दाब होता, तर रुग्णांत तो ३२ मिलिमीटर होता. मनगट वाकवताच रुग्णांतील हा आकडा ९४ वर गेला. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते. त्रास रात्री वाढण्याचे हे एक मोठे कारण आहे. हात झटकल्यावर बरे वाटते, असे रुग्ण आवर्जून सांगतात. डॉक्टरही हे लक्षण महत्त्वाचे मानतात.

करंगळी मात्र यातून सुटते, कारण तिची नस वेगळी आणि ती या बोगद्यातून जात नाही. पाचही बोटे सारखीच बधिर होत असतील किंवा मानेपासून कळ येत असेल, तर दुखणे दुसरीकडे असू शकते. मानेतील मणक्यांचा त्रास, मधुमेहामुळे नसांना झालेली इजा, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता या सर्वांत मुंग्या येतात. म्हणून ‘मुंग्या आल्या म्हणजे कार्पल टनेल’ असे समीकरण मांडता येत नाही. स्वीडनमधील एका पाहणीत (१९९९) सर्वसामान्य लोकसंख्येपैकी १४.४ टक्के लोकांनी हाताला बधिरता वा मुंग्या येत असल्याचे सांगितले. तपासणी आणि नसेची चाचणी या दोन्हींतून आजाराची खात्री झालेल्यांचे प्रमाण २.७ टक्केच निघाले.

त्रास कोणाला अधिक? दोष संगणकाचाच?

पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, त्यातही चाळिशी ते साठीच्या दरम्यान हा आजार अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, आमवात, लठ्ठपणा आणि मनगटाचे जुने फ्रॅक्चर ही त्याची ज्ञात कारणे आहेत. गरोदरपणात शरीरात पाणी साठते, त्यामुळेही नस दबते. बहुतेक वेळा प्रसूतीनंतर हा त्रास ओसरतो. कामाच्या बाबतीत सर्वाधिक भक्कम पुरावा आहे तो जोर लावून एकच हालचाल पुन्हा पुन्हा करण्याविरुद्ध, तसेच ड्रिल, ग्राइंडर यांसारख्या थरथरणाऱ्या अवजारांविरुद्ध. की-बोर्डवर टंकलेखन केल्यानेच हा आजार होतो, ही समजूत रूढ असली तरी तिच्यामागचा पुरावा त्यामानाने कमकुवत आहे.

भारतासाठी यातील मधुमेहाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार (२०२३) देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते आणि दोन्ही प्रकारचे दुखणे एकाच हातात नांदू शकते. मनगटावर कोणताही उपचार करण्यापूर्वी रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

‘शॉकवेव्ह’ म्हणजे विजेचा झटका?

नाही. ‘शॉक’ या शब्दामुळे अनेकांचा तसा समज होतो. शॉकवेव्ह ही ध्वनीसारखीच दाबाची लहर असते. फरक एवढाच, की तिच्यातील दाब सेकंदाच्या अत्यंत छोट्या अंशात शिखरावर जातो आणि लगेच कोसळतो.

वैद्यकातील तिचा प्रवेश विमान उद्योगातून झाला. अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळल्यावर धातूत कशा लहरी पसरतात, याचा अभ्यास जर्मनीतील डॉर्निए कंपनी करत होती. त्यातून मूतखडा फोडण्याची कल्पना पुढे आली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे प्रथमच एका रुग्णाचा मूतखडा या लहरींनी फोडण्यात आला. मूतखड्यासाठी ही पद्धत आज जगभर रुळली आहे आणि महाराष्ट्रातही ‘लिथोट्रिप्सी’ हा शब्द घरोघरी माहीत आहे.

पुढे कमी ऊर्जेच्या लहरींचा उपयोग हाडे आणि कंडरांसाठी होऊ लागला. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवर तो केल्याचा अहवाल बल्गेरियातील डॉक्टरांनी १९९१ मध्ये दिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये जुनाट टाचदुखीसाठी, तर २००३ मध्ये ‘टेनिस एल्बो’साठी अशा यंत्राला मान्यता दिली. हे दोन्ही आजार हाडाला चिकटणाऱ्या तंतूंचे आहेत. मनगटात दबलेल्या नसेचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. एका दुखण्यावर उपयोगी पडलेले यंत्र दुसऱ्यावरही तितकेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

एक नाव, दोन यंत्रे?

‘शॉकवेव्ह’ या एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रे वापरली जातात, याची कल्पना बहुतेक रुग्णांना नसते. पहिला प्रकार ‘फोकस्ड’. यात लहरी शरीरातील ठरावीक खोलीवर एकवटतात. दुसरा प्रकार ‘रेडियल’. यात हवेच्या दाबाने एक छोटा धातूचा तुकडा नळीतून पुढे फेकला जातो आणि तो टोकावर आदळतो. त्यातून निघणारी दाबलहर त्वचेपाशी सर्वांत जोरकस असते आणि आत जाताना पसरत, क्षीण होत जाते. भौतिकशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत तिला शॉकवेव्ह म्हणता येत नाही.

रेडियल यंत्रे त्यामानाने स्वस्त आणि हाताळायला सोपी. त्यामुळे फिजिओथेरपी केंद्रांत तीच अधिक दिसतात. कार्पल टनेलवरील बऱ्याच अभ्यासांतही रेडियल यंत्रच वापरले गेले आहे. मनगटातील नस फार खोल नसल्याने ते तिथवर पोहोचू शकते. मात्र एका यंत्राने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष दुसऱ्या यंत्राला लावता येत नाही. ऊर्जा किती, एका सत्रात ठोके किती, सत्रे किती आणि किती दिवसांच्या अंतराने, याचे सर्वमान्य प्रमाणही अजून ठरलेले नाही.

मनगटात या लहरी काय करतात?

मूतखडा फुटतो तसे इथे काही फुटत नाही. बोगद्याचे छत सैल होत नाही आणि बोगदाही रुंद होत नाही. ही गोष्ट सर्वप्रथम समजून घ्यायला हवी, कारण ‘दबलेली नस मोकळी करतो’ अशी भाषा जाहिरातींत वापरली जाते. नस यांत्रिकरीत्या मोकळी करण्याचे काम केवळ शस्त्रक्रिया करते.

लहरींचा परिणाम जैविक पातळीवर होत असावा, असे संशोधक मानतात. पेशींवर पडणाऱ्या या ठोक्यांमुळे नायट्रिक ऑक्साइड तयार होते, दाह निर्माण करणारे घटक कमी होतात, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चालना मिळते, अशा नोंदी प्रयोगशाळेत आहेत. उंदरांमध्ये कापलेली नस पुन्हा जोडली जाताना लहरींनी वेग वाढल्याचेही दिसले आहे. पण कापलेली नस आणि वर्षानुवर्षे दबलेली नस यांत फरक आहे. माणसाच्या मनगटात नेमके काय घडते, हे अद्याप गृहीतकाच्या पातळीवर आहे. त्यामुळे भर द्यायचा तो रुग्णांवरील चाचण्यांवर.

चाचण्या काय सांगतात?

तैवानमधील २०१६ च्या एका चाचणीत सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या ३४ रुग्णांची ४० मनगटे निवडण्यात आली. निम्म्यांना आठवड्यातून एकदा अशी तीन रेडियल सत्रे देण्यात आली आणि निम्म्यांना तशीच भासणारी लटकी सत्रे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, दोन्ही गटांना होता. १४ आठवड्यांच्या पाठपुराव्यात खऱ्या सत्रांच्या गटात वेदना आणि कामातील अडचण अधिक कमी झालेली दिसली. त्याच वर्षी तिथेच ६९ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत एका सत्रापेक्षा तीन सत्रांचा परिणाम सरस ठरला. थायलंडमधील २५ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) रेडियल लहरींच्या एकाच सत्राची तुलना स्टिरॉइड इंजेक्शनशी करण्यात आली. २४ आठवड्यांपर्यंतच्या नोंदींत शॉकवेव्हचा फायदा जास्त टिकलेला आढळला.

अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर मात्र चित्र धूसर होते. २०१९ मधील एका एकत्रित विश्लेषणात सहा चाचण्यांतील २८१ रुग्णांचा विचार झाला आणि निष्कर्ष उपचाराच्या बाजूने लागला. २०२२ मधील दुसऱ्या विश्लेषणाने नेमका उलट सूर लावला. नुसत्या पट्ट्याच्या तुलनेत पट्टा अधिक शॉकवेव्ह यांचा लक्षणीय जास्त लाभ दिसत नाही आणि जो दिसतो तो तात्पुरता आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्या अहवालाच्या शीर्षकातच ‘मर्यादित परिणाम’ असे शब्द होते.

निष्कर्षांत इतकी तफावत का?

पहिले कारण म्हणजे लहान आकार. २५, ३४ किंवा ६९ रुग्णांच्या चाचणीत दोन-चार जणांचा अनुभव वेगळा निघाला तरी सरासरी हलते. दुसरे कारण पाठपुरावा. बहुतेक चाचण्या तीन ते सहा महिन्यांत संपतात. कार्पल टनेलचा त्रास वर्षानुवर्षे चढ-उतार होत राहतो. त्यामुळे वर्ष-दीड वर्षानंतर काय, हा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. रेडियल यंत्र ठक-ठक आवाज करते, मनगटावर ठोके जाणवतात, थोडे दुखतेही. आपल्याला खरा उपचार मिळतो आहे की लटका, हे रुग्णाला सहज ओळखता येऊ शकते. अशा वेळी ‘काहीतरी केले’ या भावनेनेही बरे वाटते. वेदना किती हे रुग्ण स्वतः सांगत असल्याने आकड्यांवर त्याची छाया पडते. नसेतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजणारी विद्युत चाचणी अशा भावनेने बदलत नाही. त्या चाचणीतील सुधारणेबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

चौथे कारण पट्ट्याचे. अनेक चाचण्यांत सर्वच रुग्ण रात्री पट्टा बांधत होते. दवाखान्यातही तेच घडते. रुग्ण शॉकवेव्ह घेतो, पट्टा बांधतो, कामाची पद्धत थोडी बदलतो आणि दीड महिन्याने बरे वाटले की श्रेय महागड्या यंत्राला देतो. शिवाय सौम्य त्रास काही जणांत आपोआपही ओसरतो. गरोदरपणातील त्रास हे त्याचे ठळक उदाहरण.

मग आधीचे उपचार तरी किती भक्कम?

न्याय सर्वांना सारखाच लावायचा तर प्रचलित उपचारांकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. रात्रीचा पट्टा स्वस्त आणि निर्धोक आहे, पण तोही जादू करत नाही. ब्रिटनमधील २३४ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) सहा आठवड्यांनंतर पट्ट्यापेक्षा स्टिरॉइडचे एक इंजेक्शन सरस ठरले. सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखे झाले.

इंजेक्शनची मर्यादा स्वीडनच्या चाचणीतून (२०१३) स्पष्ट झाली. पट्ट्याने गुण न आलेल्या १११ रुग्णांना स्टिरॉइडची मोठी मात्रा, लहान मात्रा किंवा निव्वळ सलाइनचे पाणी टोचण्यात आले. दहा आठवड्यांनंतर स्टिरॉइडचा फायदा स्वच्छ दिसत होता. पण वर्षभरात मोठी मात्रा घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, लहान मात्रा घेतलेल्यांपैकी ८१ टक्के आणि पाणी टोचलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे इंजेक्शन आराम देते, काही जणांची शस्त्रक्रिया टाळते, पण बहुतेकांसाठी तो थांबा असतो, मुक्काम नव्हे.

शॉकवेव्हची तुलना होते ती या इंजेक्शनशी. काही आठवड्यांच्या लाभासाठी स्टिरॉइड नको असलेल्या रुग्णाला, उदाहरणार्थ साखर वाढण्याची भीती असलेल्या मधुमेहीला, लहरींचा पर्याय आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र इंजेक्शनमागे शेकडो रुग्णांच्या चाचण्या आहेत, शॉकवेव्हमागे अद्याप नाहीत.

शस्त्रक्रियेबाबत पुरावा काय?

शस्त्रक्रियेत बोगद्याचे छत असलेला अस्थिबंध कापला जातो. बहुतेक वेळा ती फक्त हात बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. नेदरलँड्समधील १७६ रुग्णांच्या चाचणीत (२००२) दीड वर्षानंतर शस्त्रक्रिया गटातील ९० टक्के आणि पट्टा गटातील ७५ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. पट्टा गटातील बऱ्याच जणांनी त्या काळात शस्त्रक्रियाही करून घेतली होती, हे ध्यानात ठेवायला हवे.

२०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ने याच देशातील ९३४ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. तिचा प्रश्न व्यवहारी होता : सुरुवात शस्त्रक्रियेने करावी की इंजेक्शनने? गरज पडल्यास दोन्ही गटांना पुढचे उपचार घेण्याची मुभा होती. १८ महिन्यांनंतर शस्त्रक्रियेने सुरुवात केलेल्यांपैकी ६१ टक्के, तर इंजेक्शनने सुरुवात केलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे आढळले. शस्त्रक्रियेची बाजू यातून बळकट झाली. त्याचबरोबर तीही सर्वांना पूर्ण बरे करत नाही, हेही दिसले. जखमेच्या आसपास काही आठवडे ते महिने दुखणे, पकडीची ताकद परतायला वेळ लागणे आणि क्वचित संसर्ग वा नसेला इजा, या तिच्या बाजू आहेत.

सर्वात मोठा धोका कशाचा?

शॉकवेव्ह उपचाराचे थेट दुष्परिणाम बहुधा किरकोळ असतात. सत्राच्या वेळी दुखणे, त्वचा लाल होणे, थोडी सूज किंवा लहानशी निळी खूण, इतकेच. गंभीर इजा चाचण्यांत सहसा आढळलेली नाही. खरा धोका यंत्राचा नाही, वेळेचा आहे.

नस दाबाखाली राहिली की आधी तिचे आवरण झिजते. या टप्प्यात दाब हटला तर ती बऱ्यापैकी सावरते. पुढे आतले तंतूच मरू लागतात. ते पुन्हा वाढतात दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने आणि तेही दाब निघाल्यावर. बराच काळ गेला तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होतो. त्या स्नायूंची ताकद शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परतेल याची हमी उरत नाही. गुंडी लावणे, सुईत दोरा ओवणे, चिमटीत मीठ घेणे ही रोजची कामे अंगठ्याच्या याच हालचालीवर चालतात.

यात एक फसवा टप्पा येतो. नस फारच निकामी झाली की मुंग्या आणि वेदना कमी होतात. रुग्णाला वाटते, सत्रांनी गुण आला. प्रत्यक्षात बधिरता कायमची झालेली असते. ‘दुखणे थांबले, पण बोटाला काही कळत नाही’ ही सुधारणा नाही. तातडीने डॉक्टरकडे जाण्याची ती खूण आहे. एकापाठोपाठ एक सत्रांची ‘पॅकेजे’ घेत वर्ष घालवणाऱ्याचे नुकसान पैशापेक्षा मोठे असते, ते या अर्थाने.

हा उपचार कोणी टाळावा?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, रक्तस्रावाचा आजार असलेले, मनगटाच्या जागी गाठ, कर्करोग किंवा संसर्ग असलेले यांनी तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकांवरही हे ठोके दिले जात नाहीत. गरोदर स्त्रियांमध्ये हा त्रास नेहमीचा असला तरी चाचण्यांतून त्यांना सहसा वगळले जाते. त्यांच्यासाठी रात्रीचा पट्टा आणि प्रसूतीपर्यंत वाट पाहणे हाच प्रथम मार्ग. संवेदना खूप कमी झालेल्या मधुमेहीबाबतही सावधगिरी हवी, कारण ठोका जास्त लागतो आहे हे त्याला जाणवणार नाही.

केंद्रात जाण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न निदानाचा. आजार कार्पल टनेलच आहे हे कोणी आणि कशावरून ठरवले? लक्षणांची नीट चौकशी, मनगट मिनिटभर दुमडून पाहण्याची ‘फेलन’ चाचणी, बोटांच्या संवेदनेची आणि अंगठ्याच्या ताकदीची तपासणी यांतून बरेच कळते. शंका असल्यास किंवा त्रास किती गंभीर आहे हे ठरवायचे असल्यास नसेची विद्युत चाचणी (एनसीव्ही) करतात. काही ठिकाणी सोनोग्राफीने नसेची जाडी पाहतात.

दुसरा प्रश्न यंत्राचा : रेडियल की फोकस्ड? तिसरा सत्रांचा : किती आणि कशाच्या आधारे? चाचण्यांत साधारण एक ते चार सत्रे दिली गेली आहेत. दहा-पंधरा सत्रांचे पैसे आगाऊ मागितले जात असतील, तर त्याला या संशोधनाचा आधार नाही. चौथा प्रश्न थांबण्याचा : गुण आला नाही, हे किती दिवसांत मान्य करायचे? ‘हळूहळू फरक पडेल’ हे उत्तर पुरेसे नाही. आणि शेवटचा, उपचार देणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे का आणि गरज पडल्यास शल्यचिकित्सकाकडे पाठवण्याची तिची तयारी आहे का? प्रामाणिक फिजिओथेरपिस्टला यातील एकही प्रश्न खटकणार नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

त्रास सौम्य असेल, म्हणजे मुंग्या येतात-जातात, ताकद शाबूत आहे, तर सुरुवात रात्रीच्या पट्ट्याने करावी. मनगट सरळ राहील असा पट्टा सहा ते आठ आठवडे नियमित बांधायचा, साखर आणि थायरॉइड तपासायचे, थरथरणाऱ्या किंवा जोराच्या कामात विश्रांती घ्यायची. एवढ्याने भागत नसेल आणि इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया लगेच नको असेल, तर सौम्य ते मध्यम त्रासात तीन-चार सत्रांपुरता शॉकवेव्हचा प्रयोग करणे अवाजवी नाही. पण तो प्रयोग आहे हे मान्य करून, पट्टा चालू ठेवून आणि थांबण्याची तारीख आधी ठरवून.

बधिरता दिवसभर राहू लागली, वस्तू हातातून सुटू लागल्या, अंगठा करंगळीपर्यंत नेताना जोर लागेनासा झाला किंवा एका हाताचा उंचवटा दुसऱ्यापेक्षा सपाट दिसू लागला, तर मात्र सत्रे मोजत बसण्याची ती वेळ नाही. अशा रुग्णाने अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताच्या शल्यचिकित्सकाला लगेच दाखवावे. शॉकवेव्हवरील बहुतेक चाचण्या सौम्य आणि मध्यम रुग्णांवर झाल्या आहेत. गंभीर रुग्णाला त्यांचे दाखले लागू पडत नाहीत.

शेकडो रुग्णांवर, वर्षभराच्या पाठपुराव्यासह आणि एकाच प्रमाणित मात्रेने चाचण्या झाल्या, तर शॉकवेव्हला कार्पल टनेलच्या उपचारात रीतसर जागा मिळेलही. सध्या तिचे स्थान पट्ट्याच्या जोडीला देता येणारा पूरक उपाय इतकेच आहे. मनगटातील नस मात्र त्या चाचण्यांच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही.